मामांच्या वाट्याचा सूर

बँडमधले सगळे त्यांना मामा म्हणत, याचे कारण साधे होते. ते ट्रॉम्बोन, म्हणजे सरकत्या नळीचे पितळी वाद्य वाजवत; शेजारच्या खुर्चीवर बसून दुसरा ट्रॉम्बोन वाजवणारा तरुण त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता, आणि तो ज्यांना मामा म्हणतो त्यांना इतरांनी आडनावाने हाक मारणे विचित्र दिसले असते. सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांपैकी एकाला वाद घालण्याच्या खोडीपायी वकील हे नाव पडले होते. तो नव्या माणसांना सांगे की आमच्याकडे मामा आयता बसलेला आहे, त्यामुळे आम्ही कुणाला वेगळा मामा बनवत नाही. मामा हसत. हसताना ओठ मिटून घेत. ही सवय मात्र अलीकडची होती.

बँडमध्ये येण्याआधी ते नळजोडणीचे काम करीत. मामी म्हणत, आधी लोकांच्या घरच्या नळ्या वाजायच्या थांबवायचे, आता स्वतःच नळी वाजवतात. मोरी तुंबली की वापरतात ती रबरी वाटी ट्रॉम्बोनच्या पुढच्या रुंद तोंडावर उघडझाप करत धरली की वाद्य माणसासारखे कुरकुरते, विनवते, रडते. ही युक्ती मामांनी शोधली असे त्यांचे चाहते सांगत. ते खरे नाही. मामांच्या आधीही पुष्कळांनी ती वापरली होती, आणि मामा स्वतःच तसे प्रत्येकाला सांगत. त्यांचे म्हणून जे होते ते वेगळे होते. उंच सुरावर ते थेट जात नसत. अंधारात जिन्याची पायरी पायाने चाचपावी तसे खालून, सरकत, थोडे थांबत ते वर जात आणि शेवटी त्या सुरावर असा भार टाकत की ऐकणाऱ्याला आपलाच पाय टेकल्यासारखे वाटे.

ही चाचपणी आधी ओळखली ती मास्तरांनी. मास्तर म्हणजे बँडचे प्रमुख. पियानोशी बसत आणि सगळे संगीत त्यांचेच असे. त्यांची काम करण्याची रीत इतर बँडांपेक्षा निराळी होती. इतर ठिकाणी ट्रॉम्बोनसाठी सुरावटीचा कागद येई, मग त्या खुर्चीवर कुणीही बसो. मास्तर वाद्यासाठी लिहीत नसत, माणसासाठी रचत. दुपारी नाचाच्या हॉलमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असत, फरशीला नुकते लावलेले मेण नाकात जाई, आणि मास्तर कोट न काढता पियानोशी बसून एकेकाकडे पाहत त्याची ओळ गुणगुणून दाखवत. तीच त्याची वाटणी. ज्याला जे जमत नाही ते त्याच्या वाट्याला येत नसे. आणि एखाद्याच्या हातून नकळत जे घडले ते कित्येकदा कायमचे त्याच्या वाट्याला जाई. एकदा वकील घाईत आधीच घुसला. सगळे थांबले. मास्तर म्हणाले, तिथेच या, रोज तिथेच या. तेव्हापासून ती रचना त्या चुकीनेच सुरू होऊ लागली आणि वकील ती आपलीच कल्पना म्हणून सांगू लागला.

या रितीची दुसरी बाजू बँडबाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. मास्तर कधी कुणाला काढत नसत. माणूस थकला की त्याची ओळ आखूड होई. मामा आले तेव्हा पहिल्या रांगेत एक म्हातारा ट्रम्पेटवाला होता. त्याचा दम कमी होत गेला तसतसे त्याच्या वाट्याचे सूर खाली उतरत गेले, मग विरळ झाले, आणि शेवटी संपूर्ण कार्यक्रमात त्याच्याकडे समारोपाचा एक लांब, सोपा सूर उरला. त्या सुरासाठी तो इस्त्रीचा कोट घालून संध्याकाळभर बसून राही. पुढे तो यायचाच बंद झाला. कुणी त्याला जा म्हटले नव्हते, त्यामुळे निरोप देण्याचाही प्रसंग आला नाही. मामा त्याच्या मागेच बसत. त्या माणसाची मान त्यांनी अनेक संध्याकाळी पाहिली होती.

मामांच्या वाट्याला एक संथ रचना आली होती. ती त्यांच्या त्या चाचपत वर जाण्यावरच बेतलेली होती. मध्ये सगळा बँड गप्प होई, पियानोही, आणि ट्रॉम्बोन एकटा चढत जाऊन उंचावरच्या सुरावर टेके. लोक या रचनेसाठी येत. मामांना दुसरे काही फारसे नको होते. त्यांना मूल नव्हते, घर म्हणजे धुलाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि बोलण्यात ते कच्चेच. जे काही सांगायचे ते त्या सुरावर चढताना सांगून होई.

मग वरचा, पुढचा दात हलू लागला.

प्रथम त्यांनी ते कुणाला सांगितले नाही. मामींच्या लक्षात आले, कारण पाव दुधात भिजवल्याखेरीज ते खाईनात. भाच्याच्या लक्षात आले, कारण तो हाताच्या अंतरावर बसत होता. उंच सुरासाठी माउथपीस ओठांवर दाबावे लागते. दाबले की दात मागे सरके आणि सूर ऐन टेकण्याच्या क्षणी फाटे. एका संध्याकाळी तो फाटणार हे भाच्याने श्वासावरूनच ओळखले. त्याने आपला ट्रॉम्बोन जरा खाली धरला, वादकांसमोर उभ्या असलेल्या फळीआड, आणि तो सूर स्वतः वाजवला. मामांनी वाद्य ओठांशी नुसते धरून ठेवले. टाळ्या पडल्या. मामा उठून वाकले, कारण न वाकणे जास्त संशयास्पद दिसले असते.

दोघे पायीच परतले. धुलाईच्या दुकानाशी आल्यावर मामांनी विचारले, "तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग?"

"तुम्हीच शिकवलंय ना मला, मामा. तुमचा श्वास कुठे संपतो ते कळतं."

मामांनी त्याला वर जेवायला बोलावले. त्यानंतर हॉलमध्ये रोज तो सूर भाचाच वाजवू लागला. त्यांनी त्याबद्दल कधी ठरवले नाही. ठरवले असते तर ती फसवणूक झाली असती, आणि दोघेही प्रामाणिक माणसे होती. चढ मामांचा, टेकणे भाच्याचे. काही दिवसांत जोड इतकी बेमालूम झाली की वकिलालाही पत्ता लागला नाही, आणि त्याला पत्ता लागत नाही अशा गोष्टी थोड्या होत्या.

मास्तरांना लागला. एके दुपारी त्यांनी संथ रचना काढली आणि नेहमीप्रमाणे गुणगुणत वाटणी सांगू लागले. मामांची ओळ सांगताना ते निम्म्यावर थांबले, आणि उरलेला चढ भाच्याकडे पाहून गुणगुणले. मग मामांकडे वळून त्यांनी एक खालचा, लांब, सोपा सूर दाखवला.

"वर तुम्ही जा," ते भाच्याला म्हणाले, "आणि मामा, तुम्ही इथे थांबा. सुंदर मिसळतंय दोघांचं."

भाचा उभा राहिला. त्याने सांगायचा प्रयत्न केला की असे नाही, ही जागा मामांची आहे, त्याने फक्त मदत केली होती. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतले. ते कधी आवाज चढवत नसत आणि कुणाला अहोजाहोशिवाय बोलत नसत. मी काही बदललेले नाही, ते म्हणाले. तुम्ही दोघे जे वाजवता आहात तेच तुम्हाला सांगतो आहे.

यात खोटे काही नव्हते. ज्या बँडमध्ये माणूस जे वाजवतो तेच त्याचे होते, तिथे भाच्याने मामांची अब्रू झाकता झाकता त्यांची जागा उचलून नेली होती. दुसऱ्या कुठल्याही बँडमध्ये हे घडले नसते. तिथे कागदावर पहिला ट्रॉम्बोन असे लिहिलेले असते आणि कागद कुणाचे ऐकत नाही.

मामांनी तो खालचा सूर वाजवला. एक संध्याकाळ, मग दुसरी. आपल्या मानेकडे मागच्या रांगेतून कुणी पाहत असेल काय, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. घरी त्यांनी भाच्याला नको ते ऐकवले. तुझी आई गेल्यावर तुला घरात घेतला, ट्रॉम्बोन हातात दिला, तो याचसाठी काय, असे विचारले. भाचा मान खाली घालून बसला. मामींनी ताटे आवरता आवरता मध्येच सांगितले की भांडायचे असेल तर दाताशी भांडा, पोराशी नको, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः हाताला धरून त्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेले.

डॉक्टर बाई होत्या, तरुण आणि स्पष्ट बोलणाऱ्या. मुळाशी पू झाला होता. दात काढायचा, जखम भरू द्यायची, मग नवा बसवायचा. मामांनी विचारले की वाजवायचे कधी. बाईंनी सांगितले की काही महिने विसरा, आणि पुढेही पूर्वीसारखा सूर लागेल याची खात्री त्या देणार नाहीत. न काढला तर काय, असे मामा विचारू लागताच मामींनी त्यांच्याकडे असे पाहिले की प्रश्न अर्धाच राहिला. दात काढायला ते तयार झाले नाहीत. बँडचे रेकॉर्डिंग जवळ आले होते. इतकी वर्षे जी रचना हवेत विरून जात होती ती पहिल्यांदा तबकडीवर कायमची उतरणार होती, आणि उतरताना त्यात मामांचा तो एक खालचा सूर असणार होता.

त्या संध्याकाळी हॉलच्या मागच्या जिन्यात त्यांनी भाच्याला गाठले. आज तो चढ तू वाजवू नकोस, मी वाजवतो, एवढेच म्हणाले. भाच्याने विचारले, फाटला तर? मामा म्हणाले की फाटला तर माझा फाटेल. भाचा हो म्हणाला. नाही म्हणायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, असे त्याला वाटत होते.

बँड थांबला. भाच्याने ट्रॉम्बोन मांडीवर आडवा ठेवला. ते पाहून वकिलाच्या भुवया वर गेल्या. मामा चढू लागले. एक पायरी, दुसरी, रबरी वाटी हळूहळू उघडत. आणि वर, अगदी वर, दात सरकला. सूर कापड टरकावे तसा फाटला, आणि त्या फटीतून नुसती हवा आणि एक चिरका, उघडा आवाज आला. तेवढ्यात मास्तरांचे हात पियानोवर पडले. त्यांनी अनेक पट्ट्या एकदम दाबून खाली एक गडद, रुंद स्वरसंघ ठेवला. तो सूर झाकण्यासाठी नव्हता. फाटलेल्याला टेकायला जागा व्हावी म्हणून होता. त्या आधारावर तो आवाज थरथरत उभा राहिला आणि विझला. मग ज्या टाळ्या झाल्या तशा त्या रचनेला पूर्वी कधी झाल्या नव्हत्या.

मामा पडद्यामागे खोक्यावर बसून रुमालाने तोंड दाबत होते. रुमालाला रक्त होते. मास्तर आले, कोटाची बाही सारखी केली आणि त्यांच्यासमोर उभे राहिले.

"चुकलं, मास्तर," मामा म्हणाले.

"चुकलं ते मला कळलं, मामा. म्हणून तर ते तुमचं आहे." थोडे थांबून ते म्हणाले, "उद्याही असंच."

अशा रितीने मामांना त्यांची जागा परत मिळाली. आता रोज संध्याकाळी त्यांना त्या सुरापर्यंत चढायचे होते आणि चारचौघांत मोडायचे होते. लोक ते मोडणे ऐकायला येऊ लागले. कुणी म्हणाले, ही वर्षांची साधना. एका जाणकाराने छापले की हा आवाज काढण्याचे गुपित फक्त या वादकाला ठाऊक आहे. त्या लेखाला बँडमध्ये कुणी हसले नाही, वकीलसुद्धा. चढ सुरू झाला की बँडच्या पुढच्या रांगेतली माणसे आपापल्या बुटांकडे पाहू लागत. मामा पाव सोडून नुसत्या सूपवर आले. गाल सुजलेला असे. उजवीकडून दिसू नये म्हणून ते खुर्ची तिरकी ठेवत. मामींनी बोलणे टाकले. आणि दर संध्याकाळी मामा चढताना मनात एकच धरून असत: आज टेकेल. ते मोडण्यासाठी कधीच चढले नाहीत. मोडण्यासाठी चढले असते तर दुखणे तेवढेच राहिले असते, पण लाज वाटली नसती.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी ते कुणाला न सांगता डॉक्टरबाईंकडे गेले. एक दिवसापुरता दात घट्ट करा, म्हणाले. बाईंनी नकार दिला. मग त्यांचा चेहरा पाहून बारीक तारेने तो शेजारच्या दातांना बांधून दिला. सांगितले की ही तार मी सोडवेन, तुम्ही हात लावायचा नाही. ओढाताण झाली तर दात तिथेच हातात येईल, आणि मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही.

रेकॉर्डिंगची खोली लहान होती. भिंतींना जाड गाद्या, समोर काच, काचेपलीकडे बटणांसमोर बसलेला रेकॉर्डिंगवाला. सगळा बँड अंग चोरून बसला होता, ट्रॉम्बोनची नळी पुढच्याच्या कानाला लागू नये म्हणून मामा भिंतीशी. आधी एकदा नुसते वाजवून पाहायचे ठरले. संथ रचना सुरू झाली, बँड थांबला, मामा चढले आणि टेकले.

सूर अखंड लागला. भरलेला, गोल, आपल्या जागी. भाचा त्यांच्याकडे पाहून उघडपणे हसला. मामांचे डोळे भरून आले. पियानोतून काहीच आले नाही. मास्तरांनी हात मांडीवर ठेवले होते.

"दाताला बरं वाटतंय का?" त्यांनी विचारले.

म्हणजे दाताचे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. मामांनी मान हलवली. मास्तर म्हणाले की चांगले झाले, मनापासून आनंद वाटला. मग ते क्षणभर पियानोच्या पट्ट्यांकडे पाहत राहिले.

"मग वरचा सूर भाचेसाहेब घेतील. स्वच्छ सूर त्यांचाही आहे, मामा, आणि खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा मोकळा आहे. तुमच्याकडे जे होतं ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. ते नसेल तर तुम्ही खाली थांबा."

ते हे क्रूरपणे म्हणाले नाहीत. भाच्याने ट्रॉम्बोन खाली ठेवला आणि आपण वाजवणार नाही असे सांगितले. मास्तरांनी उत्तर दिले की मग ती जागा रिकामी ठेवू, रिकामी जागाही चालते. मामांनी थोडा वेळ मागितला. बाहेर जाताना त्यांनी ढोलवाल्याच्या हत्यारांच्या पेटीतून बारीक पक्कड उचलली. भाचा मागोमाग गेला.

मोरीत आरसा उंच लावलेला होता आणि दिवा मिणमिणता. मामांनी ओठ वर करून पाहिले. तार दिसत होती, पण आरशात उलटे दिसत असल्यामुळे पक्कड सारखी हिरडीला लागत होती. त्यांनी ती भाच्यापुढे धरली.

"तूच कर."

"मी नाही करणार, मामा."

"मी केलं तर ओठ कापेल. ओठ गेला की सगळंच गेलं."

"जाऊ दे ना मग. घरी चला. मामी वाट बघतेय, डॉक्टरबाई आहेत, नवा दात बसेल. इतकं काय आहे त्या सुरात?"

मामांनी यावर विचार केला. प्रश्न खरा होता आणि त्याला उत्तर देणे त्यांना आवश्यक वाटले.

"सुरात काही नाही," ते म्हणाले. "पण खाली थांबून मला जगता येत नाही. दोन संध्याकाळी बघितलं मी."

भाच्याने पक्कड घेतली. डाव्या हाताने त्यांची हनुवटी धरली, जशी लहानपणी मामा त्याची धरत आणि ओठ कसा ठेवायचा ते दाखवत, आणि तार तोडली. दोन्ही टोके काढून घेतली. मामा एकदाही हलले नाहीत. दात जिभेने चाचपून पाहिल्यावर मात्र त्यांनी वॉशबेसिनची कड घट्ट धरली आणि बराच वेळ सोडली नाही. भाचा नळ सोडून उभा राहिला, म्हणजे बाहेर काही ऐकू जाऊ नये.

ते परत येऊन आपापल्या जागी बसले. मास्तरांनी मामांच्या तोंडाकडे पाहिले, मग पियानोकडे. काचेवरचा लाल दिवा लागला. रचना सुरू झाली. बँड थांबला. मामा चढले, एकेक पायरी, नेहमीपेक्षा सावकाश, आणि शेवटच्या पायरीवर, आजही, याही वेळी, त्यांनी सगळा भार टेकण्यासाठीच टाकला. सूर फाटला. पियानोचा स्वरसंघ त्याच्याखाली येऊन थांबला. फाटलेला आवाज त्यावर लोंबकळत राहिला, इतका वेळ की पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे मिटले, आणि मग तो संपला. सगळा बँड हळूच आत आला आणि रचना पुरी झाली.

दिवा विझला. काचेपलीकडचा माणूस नवा होता. त्याने हा बँड कधी प्रत्यक्ष ऐकला नव्हता. भिंतीवरच्या कर्ण्यातून त्याचा आवाज आला, सभ्य आणि थोडा संकोचलेला. मध्ये ट्रॉम्बोनचा सूर फाटला आहे, तबकडी वाया जायला नको, पुन्हा एकदा घेऊ या का, असे त्याने विचारले.

मास्तरांनी मामांकडे पाहिले. भाच्यानेही पाहिले, वकिलानेही. मामांच्या तोंडात रक्त होते आणि दात आता दातासारखा उभा नव्हता, म्हणून त्यांना ते रक्त आधी गिळावे लागले.

"नको," ते काचेकडे पाहून म्हणाले. "ते तसंच आहे."